काका पानं टाकत नाहीत

आमच्या पाड्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवतोय. मिरवतोच. आई-बाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे ते होळीलाच परतायचे, आणि मी काका-काकींच्या घरी राहून शाळा केली. पुढे जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झालो. मग स्पर्धा परीक्षेसाठी नाशिकला होस्टेलवर राहिलो. परीक्षा काही निघाली नाही, पण पोकर आला.

हसू नका. मी त्या खेळाकडे अभ्यास म्हणूनच बघितलं. तीन पत्ती आमच्याकडे सगळ्यांना येते. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोनच पानं असतात, आणि मधे हळूहळू पाच पानं उघडतात ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच, यांतून चांगला डाव कुणाचा लागतो ते बघायचं. आम्ही खेळायचो त्या प्रकारात लावायला मर्यादा नव्हती. मनात आलं तर पुढ्यातलं सगळं एका डावात पुढे सारता यायचं. होस्टेलवरच्या पोरांना तेच आवडायचं. मला आवडायचं की त्या पोरांना ते आवडतं.

कारण कच्च्या खेळाडूशी खेळायचं शास्त्र अगदी साधं आहे. कच्चा खेळाडू पानं टाकत नाही. त्याला शेवटपर्यंत बघायचं असतं. अशा माणसाला हातात काही नसताना मोठं लावून थाप मारायची नाही, तो घाबरतच नाही. आपण दहातले सात-आठ डाव गप टाकून द्यायचे. ज्या डावात खरोखर पानं आली त्यात भरपूर लावायचं, तो येतोच. जमलं तर त्याच्यानंतर आपली पाळी येईल असं बसायचं, म्हणजे तो काय करतो ते आधी दिसतं. बाकी सगळी वाट बघण्याची कला आहे. मला वाट बघता येते. आमच्याकडे टँकरची वाट बघत मोठं झालेल्या कुणालाही येते.

जव्हारला एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो आणि घरी राहायला आलो, तो उन्हाळ्याच्या तोंडाचा काळ होता. भट्टीवरची माणसं परत आली होती. भात-नागलीच्या पेरणीला अजून वेळ होता. सुट्टीच्या दुपारी काकांच्या अंगणातल्या मांडवाखाली चार माणसं तीन पत्ती खेळत बसायची, तिथे मी पोकर नेला. पैशाने खेळायचं नाही असं मीच ठरवलं. चिंचोके वाटून घ्यायचे, आणि ज्याचे आधी संपतील त्याने जिंकणाऱ्याच्या घरी दरीतल्या विहिरीवरून पाणी आणून द्यायचं. डोक्यावर. बाप्या माणूस हंडा घेऊन चढ चढताना बघायला अख्खा पाडा बाहेर यायचा. बायका म्हणायच्या, "जरा कंबर हलवून चाल की, पाणी सांडतंय."

तीन-चार आठवड्यांत मी एकदाही पाणी भरलं नाही. काका जवळजवळ प्रत्येक वेळी भरायचे.

काकांचा खेळ सांगायला हवा. तीन पत्तीत पानं न बघता खेळणं, म्हणजे बंद खेळणं, ही मर्दुमकी मानतात. काकांनी ती सवय तशीच इकडे आणली. दोन पानं मिळाली की पालथी ठेवायची, वर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "बंद. लावा किती लावता." आणि एकदा चिंचोके पुढे टाकले की मागे फिरायचं नाही.

मी समजावलं. "काका, टाकून दे ना. टाकलं म्हणजे हरलास असं नाही. पुढच्या डावाला चिंचोके राहतात."

"आरं, टाकायचं म्हंजे पाठ दाखवायची," काका म्हणाले. "ते माझ्याच्यान व्हायचं नाय."

इथे तुम्हाला बोहाड्याचं सांगावं लागेल. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात, आणि शेवटच्या दिवशी सकाळी देवी आणि म्हैसासुराचं युद्ध होतं. आमच्या गावात कुठलं सोंग कुणाच्या घरात हे ठरलेलं आहे. म्हैसासुर काकांकडे. त्यांच्या आधी माझ्या आजोबांकडे होता. ते सोंग घेणाऱ्याने आधी नेम पाळायचा, एक वेळ जेवायचं, चपला घालायच्या नाहीत, आणि एकदा नाचायला उतरलं की मागे पाऊल टाकायचं नाही. देवी अंगावर येते. तलवार नाचवत येते. म्हैसासुराने पुढेच जायचं आणि पडायचं. मरायचंच असतं, पण छातीवर. इतकी वर्षं ते नाचलेल्या माणसाला मी सांगत होतो की पानं टाकायला शिक.

मांडवात खेळायला येणाऱ्यांत एक जीपवाला होता. खोडाळा-मोखाडा-जव्हार अशी सीटं मारायचा. मी रोज त्याच्याच जीपने कामाला जायचो. तिशीचा, कमी बोलणारा, तंबाखूसुद्धा न खाणारा माणूस. त्याच्या आजाच्या काळात ते लोक घाटाखालून येऊन आमच्या गावात राहिले. गावाने जागा दिली, शेत कसायला दिलं, पण सोंग दिलं नाही. बोहाड्यात त्यांच्या घराकडे टेंभे धरायचं काम. आजा टेंभा धरायचा, बाप टेंभा धरायचा, हाही धरायचा. दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा.

तो पहिले काही दिवस हरला, पाणी भरलं, टोमणे खाल्ले. मग एका सकाळी म्हणाला, "काय ग्रॅज्युएट, आज पुढं बस."

मी पुढच्या सीटवर बसलो. मागे पंधराएक माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. वळणं सुरू झाली तसं त्याने विचारलं, "तू हरत कसा नाय?"

मला बरं वाटलं. असं कुणी विचारलं की मला बरं वाटतं. मी सगळं सांगितलं. थाप कुणाला मारायची नाही, कुठे बसायचं, किती डाव टाकायचे, पानं आल्यावर किती लावायचं. तो गिअर बदलत ऐकत होता. मधेच एखादा प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न नेमका असायचा. "समजा पानं चांगली आलीत, पण समोरचा आपल्या आधी बोलतो. तर आपण गप राहायचं?" मी म्हटलं, "तो लावणाराच असेल तर गप राहायचं. त्याला लावू द्यायचं." जव्हारच्या स्टँडवर उतरताना मी पैसे काढले तर त्याने घेतले नाहीत.

"शिकवणीचे," म्हणाला.

आठवडाभर असं चाललं. वर्गातल्या हुशार मुलाला शिकवताना मास्तरांना काय वाटत असेल ते मला कळलं. त्यातच एकदा तो म्हणाला, "म्हंजे पानांपेक्षा माणूस निवडायचा."

मी म्हटलं, "बरोबर. जो उठून जात नाही, तो निवडायचा."

त्यानंतर मांडवात त्याचा खेळ बदललेला दिसायला लागला. पानं उचलायचा, बघायचा, टाकायचा. पुन्हा टाकायचा. भट्टीवरून आलेला आमचा एक शेजारी त्याला चिडवायचा, "अरे खेळायला आलास का पानं वाटून द्यायला?" तो हसायचा. आणि मग एका डावात शांतपणे चिंचोक्यांची रास पुढे सारायचा, आणि त्या डावात हमखास काका असायचे. पाणी आता दर खेळाला काकाच भरत होते. मी बघत होतो. मला त्याचा खेळ आवडत होता, हेही खरं.

त्या वर्षी दरीतली विहीर लवकर आटत चालली. घरापुढे नळ बसवला होता, त्याला पाणी नव्हतं. काकींनी त्यावर फडकी वाळत घातली होती. काकींचा गुडघा सुजायचा. भर दुपारी चढावर मधेच खडकाला टेकून उभ्या राहायच्या, हंडा डोक्यावर तसाच. उतरवला तर परत चढवायला कुणी नाही.

एका रविवारी खेळ संपल्यावर जीपवाला उठला नाही. चिंचोके गोळा करता करता काकांना म्हणाला, "मामा, एक बोलू? पाऊस लागेपर्यंत तुमच्या घरचं पाणी माझी जीप आणील. रोज दोन पिंपं. मोखाड्याच्या वाटेवरच्या बोअरवरून."

काकांनी विचारलं, "आन् त्याचं काय?"

"खेळू. आपण दोघंच. तुम्ही जिंकलात तर पाणी."

"आन् तू जिंकलास तर?"

"तर यंदा म्हैसासुर मी घेतो. यंदापुरता."

कोंबडी पाचोळा उकरत होती तेवढाच आवाज. मला वाटलं काका त्याला हाकलून देतील. काकांनी दरीकडे बघितलं. काकी खालच्या वळणावर दिसत होत्या, हंडा आणि पदर एवढंच.

"पुढल्या रविवारी," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये पुढे बसलो तेव्हा त्याला म्हटलं, "हे बरं नाही केलंस. म्हाताऱ्याचं सोंग आहे ते."

"हिसकावलं का मी?" तो रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला. "विचारलं. हो म्हणाला. आन् तूच सांगितलं ना, कुणाशी खेळायचं ते."

"ते पाण्याच्या हंड्यापुरतं."

"असं कुठं म्हणाला होतास तू," तो म्हणाला. "मर्यादा नाय म्हणाला होतास."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मागे एक बाई ओकत होती, तिला कुणीतरी लिंबू देत होतं.

आठवडाभर संध्याकाळी मी काकांना शिकवलं. चांगली पानं कोणती ते मातीवर मांडून दाखवलं. कुठली टाकायची ते पाठ करून घेतलं. काका लक्ष देऊन ऐकायचे, होस्टेलवरची पोरंसुद्धा एवढं ऐकायची नाहीत. शेवटी म्हणायचे, "शिकलास खरा तू." मग डाव मांडला की पानं पालथी ठेवून वर तळहात.

काकी चुलीपुढून म्हणाल्या, "पोरा, तू शिकवू नको. तू त्यांना उठव."

"ऐकतो का तो माझं?"

"मग पाण्याचं मी बघते म्हणून सांग. माझा गुडघा गेला तर गेला."

मी सांगितलं. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो नेमाचा काळ सुरू झाला होता. एक वेळ जेवत होते, अनवाणी चालत होते. माळ्यावरून मुखवटा काढून त्याला नवा रंग दिला होता. तो ओटीवर सुकत ठेवलेला. लाल जीभ, पांढरे दात, आणि डोळ्यांच्या जागी भोकं, त्यातून मागची कुडाची भिंत दिसायची.

रविवारी मांडव भरला. पानं मी वाटायची असं ठरलं. दोघांना सारखे चिंचोके मोजून दिले. ज्याचे संपतील तो हरला.

पहिला तासभर काकाच जिंकत होते. काका बंद लावायचे आणि जीपवाला टाकायचा. प्रत्येक डावाला थोडे थोडे चिंचोके काकांकडे सरकत होते. लोक खुशीत आले. "म्हैसासुर पेटला रे." "अरे जीपवाल्या, पिंपं धुऊन ठेव." काका हसत होते, मिशीवरून हात फिरवत होते. एकाने त्यांना पाणी आणून दिलं. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनासुद्धा वाटायला लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

तिथे एवढ्या माणसांत मला एकट्याला माहीत होतं काय चाललंय ते. तो हरत नव्हता, वाट बघत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काका, आता थांब. पुढे आहेस. थोडं लाव, पानं बघ, टाक. वाटणाऱ्याने बोलायचं नसतं, पण मी एकदा बोललोच. "काका, पानं तरी बघ."

"वाटप्यानं वाटावं," जीपवाला म्हणाला. हळूच, आदराने.

मग तो डाव आला. मी दोघांना दोन-दोन पानं दिली. जीपवाल्याने आपली उचलून बघितली आणि ठेवली. चेहरा नेहमीचाच. पण या वेळी टाकली नाहीत. काकांनी बंद लावले. त्यानेही तेवढेच लावले. मी मधली तीन पानं उघडली: बदामाचा राजा, चौकटची सत्ती, किल्वरची दुर्री. काकांनी मूठभर आणखी सारले. त्याने विचार केल्यासारखं केलं, आणि तेवढेच लावले. मला आमची जीपमधली शिकवणी आठवली. गप राहायचं, त्याला लावू द्यायचं. चौथं पान उघडलं, इस्पिकची राणी. काकांनी परत लावले. आता जीपवाल्याने दोन्ही हातांनी आपली सगळी रास पुढे ढकलली.

"सगळे," म्हणाला.

काकांचे चिंचोके अजून त्याच्यापेक्षा जास्त होते. टाकलं असतं तर खेळ चालू राहिला असता. पानं पालथीच होती. काकांनी त्यांच्यावर तळहात ठेवला, जीपवाल्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि मला दिसलं की इथे पत्ते नव्हतेच. समोरून कुणीतरी अंगावर येत होतं आणि काका पुढे निघाले होते.

"मी बी," काका म्हणाले.

पाचवं पान नव्वी निघाली. काकांनी आपली पानं पहिल्यांदा उलटली. एक एक्का, एक सत्ती. मधली सत्ती धरून एक जोडी. लोक ओरडले, कारण जोडी म्हणजे काहीतरी होतं. जीपवाल्याने आपली पानं उलटली. दोन राजे. मधला धरून तीन.

काकांकडे उरलेले चिंचोके ओंजळीत मावत होते. पुढच्याच डावाला ते त्यांनी बंद सारले आणि तेही गेले.

कुणी हसलं नाही. काका उठले, ओटीवर गेले, मुखवटा उचलला आणि आणून त्याच्या हातात दिला. "रंग ओला हाय," म्हणाले. "उद्यापासून चपला सोड. सांजच्याला ये, पावलं दाखवतो."

काकी तोवर दारात नव्हत्या. हंडा पण नव्हता.

मला वाटलं होतं काका खचतील. तसं झालं नाही. रोज संध्याकाळी त्यांनी जीपवाल्याला अंगणात नाचायला शिकवलं. मान कशी हलवायची, जड मुखवट्याखाली श्वास कुठे घ्यायचा, देवी आली की खांदा कसा द्यायचा. तो शिकत गेला. तो चटकन शिकतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

शेवटच्या सकाळी उन्हं वर आल्यावर युद्ध झालं. गावाला वाटलं होतं काहीतरी वाकडं होणार. म्हाताऱ्या बायका आधीपासून पुटपुटत होत्या की भलत्याने सोंग घेतलंय, यंदा काही खरं नाही. मीसुद्धा, बी.ए. झालेला माणूस, मनात कुठेतरी वाट बघत होतो की तो अडखळेल, मागे सरकेल. तो सरकला नाही. देवी अंगावर आली आणि तो पुढेच गेला, काकांसारखा, काकांपेक्षा तरणा. एकही पाऊल मागे नाही. पडला तेव्हा धूळ उडाली आणि लोकांनी हात जोडले. त्याचा म्हातारा बाप गर्दीत रडत होता. काका मान डोलवत होते, चांगल्या शिष्याकडे बघावं तसे.

त्याच दिवशी दुपारी जीपवाला मांडवात आला. अंगावर अजून गुलाल होता. मुखवटा त्याने आणला नव्हता.

"मामा, बोललो होतो यंदापुरता," तो म्हणाला. "यंदा झालं. पण घरी बाप म्हणतो, आता घरात आलाय तर राहू दे. म्हणून म्हटलं, विचारावं."

"काय विचारायचं त्यात," काका म्हणाले. "खेळू."

"काय लावता?"

काकांनी बांधाकडे हात केला. तिथे मोहाचं झाड आहे. त्याची फुलं काकी वेचतात, त्याच्या बियांचं तेल काढतात, आजींनी वेचली, त्यांच्या सासूने वेचली. "तो मोह," काका म्हणाले. "जिंकलास तर सोंग बी तुझं आन् झाड बी. मी जिंकलो तर मुखवटा परत माळ्यावर."

घरात भांड्यांचा आवाज थांबला.

"पत्ते काढ रं," काका मला म्हणाले.

कॅट माझ्या बॅगेत होता. मी म्हटलं, "जव्हारला राहिला. ऑफिसात."

काकांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. जीपवाला उठला, जीपपाशी गेला, गाडीचा खण उघडला आणि नवा कोरा कॅट घेऊन आला. वरचा प्लास्टिकचा कागद दाताने फाडला. "वाट," म्हणून माझ्यापुढे ठेवला.

"मी नाही वाटणार," मी म्हटलं.

"नको वाटू," काका म्हणाले, आणि भट्टीवरून आलेल्या शेजाऱ्याकडे कॅट सरकवला. त्याने पिसले. नवीन पत्ते होते, सारखे निसटत होते. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांच्याकडे नाही.

दोन-दोन पानं पडली. काकांनी आपली पालथी ठेवली आणि वर तळहात ठेवला. "बंद."

जीपवाल्याने आपली दोन पानं उचलली, बघितली आणि शांतपणे टाकून दिली.